सही आपली, सवलत सरकारची : नातवंडांचं शिक्षणकर्ज समजून घेऊ या



सिंगापूरच्या पश्चिमेला बुकित बातोक नावाची वस्ती आहे. मी तिथून लिहिते आहे. भारतातून मुलांकडे आलेले आजी-आजोबा संध्याकाळी इथे इमारतीखालच्या बाकांवर बसतात. पूर्वी गप्पा गुडघेदुखीच्या असायच्या, हल्ली नातवंडांच्या कर्जाच्या असतात. "अमेरिकेत सरकार बदललं, आता कर्ज माफ होणार की वाढणार?" "व्हिसा अडकला तर गहाण टाकलेल्या घराचं काय?" हेच प्रश्न ठाणे, पनवेल, अलिबागच्या आपल्या ज्येष्ठांनाही पडत असतील. म्हणून जमेल तितकं सोपं करून सांगते.

शिक्षणकर्जाचे दोन भाग असतात. पहिला करार, म्हणजे आपण सही केलेला कागद. दुसरा सवलत, म्हणजे व्याजात सूट, हप्त्यात ढील, नाहीतर माफी. सरकार बदललं की दुसरा भाग हलतो. पहिला तसाच राहतो. सगळा मनस्ताप इथूनच सुरू होतो.

आधी अमेरिका पाहू. तिथले नागरिक आणि ग्रीनकार्डवाले विद्यार्थी थेट केंद्र सरकारकडून कर्ज घेतात. बायडेन यांनी जाहीर केलेली मोठी कर्जमाफी सर्वोच्च न्यायालयाने ३० जून २०२३ रोजी रद्द केली. मग 'सेव्ह' नावाची कमी हप्त्यांची योजना आली आणि लाखो लोक तीत शिरले. काही राज्यं कोर्टात गेली आणि २०२४ मध्ये तीही अडकली. हप्ते थांबवले गेले, पण हप्ते भरत राहिल्यावर काही वर्षांनी जी माफी मिळायची, तिच्या हिशेबात हे महिने धरले गेले नाहीत. १ ऑगस्ट २०२५ पासून व्याज पुन्हा सुरू झालं. त्याआधी मार्च २०२५ मध्ये ट्रम्प सरकारने शिक्षण खात्यातली जवळजवळ निम्मी माणसं कमी केली आणि खातंच गुंडाळण्याचा आदेश काढला. त्या सुमारास हप्ता ठरवून मागणारे जवळजवळ २० लाख अर्ज तुंबलेले होते. ४ जुलै २०२५ च्या नव्या कायद्याने तर 'सेव्ह' टप्प्याटप्प्याने बंदच करायचं ठरवलं. ज्यांनी हिशेब करून घरखर्च बसवला होता, त्यांनी पुढच्या महिन्याचं पान कसं लिहायचं?

आपल्याकडून शिकायला गेलेल्या बहुतेक मुलांना हे सरकारी कर्ज मिळत नाही. त्यांचं कर्ज भारतातल्या बँकेचं असतं, म्हणजे माफी-बिफीचा प्रश्नच नाही. पण त्यांनाही धक्के बसले. २७ मे २०२५ ला विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखतींच्या तारखा देणं थांबलं, ते जूनच्या मध्यानंतर सुरू झालं. १९ सप्टेंबरला नोकरीच्या एच-वन-बी व्हिसाच्या नव्या अर्जावर १ लाख डॉलर शुल्क जाहीर झालं. अमेरिकेतच शिकत असलेल्या मुलांनी तिथूनच व्हिसा बदलून घेतला तर ते लागू नाही, हा खुलासा महिन्याभराने आला. तोवर किती घरांची झोप उडाली असेल! नोकरी लागेल या भरवशावर कर्ज काढलेलं, आणि नोकरीचा नियमच मध्ये बदलला.

भारतातही असं घडलं आहे. परदेशी शिक्षणाच्या कर्जावर अल्पसंख्याकांना व्याजात सूट देणारी 'पढो परदेश' ही केंद्राची योजना २०२२-२३ पासून बंद झाली. इथे आपल्या लोकांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. महाराष्ट्र सरकारने आपल्याला २०१६ मध्ये अल्पसंख्याक दर्जा दिला, पण केंद्राच्या यादीत मुस्लिम, ख्रिस्ती, शीख, बौद्ध, पारशी आणि जैन हे सहाच समाज होते. तेव्हा कोणत्याही योजनेचं नाव ऐकलं की आधी विचारा, "ही राज्याची की केंद्राची?"

सिंगापुरात २०२४ मध्ये पंतप्रधान बदलले. २०२५ च्या निवडणुकीत बुकित बातोकचा स्वतंत्र मतदारसंघही जुरोंग ईस्टला जोडला गेला. तरी विद्यापीठाच्या फीच्या कर्जाची पद्धत तीच राहिली : शिकत असताना व्याज नाही, जामीनदार मात्र हवाच. परदेशी विद्यार्थ्याने सरकारी अनुदान घेतलं, तर पदवीनंतर ३ वर्षं इथल्या कंपनीत नोकरी करायची. अट कडक आहे, पण पहिल्या दिवशीच लेखी कळते. माणसाला तेवढं पुरतं.

मग आजी-आजोबांनी करायचं काय?

सही करण्याआधी विचारा, "मी सहकर्जदार की जामीनदार?" 'नावापुरती सही' असं काही नसतं. आपल्या १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते.

घर गहाण टाकत असाल तर जास्त जपा. कर्ज थकलं, तर २००२ च्या सरफेसी कायद्याखाली बँक ६० दिवसांची नोटीस देऊन, कोर्टात न जाताही वसुली सुरू करू शकते. राहतं घर एकच असेल तर मुलांना स्पष्ट नाही म्हणायला संकोचू नका.

भारतातल्या बँका साधारणपणे शिक्षण संपून वर्ष होईपर्यंत हप्ता मागत नाहीत, पण व्याज चढतच असतं. जमलं तर ते दरमहा भरत जा, पुढचा भार हलका होतो.

व्हिसा अडकला, नोकरी लांबली, तर हप्ता चुकायच्या आधी बँकेला लेखी कळवा आणि मुदत वाढवून मागा. उत्तरही लेखीच घ्या. "कर्ज माफ करून देतो" म्हणून फोनवर फी मागणाऱ्याला एक पैसाही देऊ नका आणि ओटीपी तर मुळीच सांगू नका.

सवलत मिळाली तर आनंदाने घ्यावी. पण घराचा हिशेब ती नाही असं धरूनच मांडावा. आणि नातवंडांना रागावू नका. नियम त्यांनी बदललेले नाहीत.