शर्यतपथाला सार्वजनिक पैसा?

ग्रेटर नोएडाचे बुद्ध आंतरराष्ट्रीय सर्किट खासगी समूहाने उभारले. सबब शासनाचा पैसा त्यात नव्हता, असे उत्तर परीक्षार्थी चटकन लिहितात. ते अपुरे आहे. जमीन यमुना द्रुतगती मार्ग प्राधिकरणाची होती आणि थकबाकीपोटी २०२० मध्ये तिचे वाटप रद्द झाले. राज्याने करमणूक कर माफ केला होता. त्यास आव्हान मिळताच २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिकीट-उत्पन्नाचा २५ टक्के भाग राखून ठेवण्यास सांगितले. सोडलेला कर हाही खर्चच. फक्त तो अर्थसंकल्पाच्या खर्चाच्या बाजूस दिसत नाही. फॉर्म्युला वनच्या शर्यती मात्र २०११ ते २०१३ या काळात तीनच झाल्या. पोचरस्ता इतरांच्याही उपयोगी पडतो, तो शासनाने बांधावा. शर्यतपथ व यजमानपदाचे शुल्क यांचा भार प्रेक्षक आणि प्रायोजक यांनीच उचलावा.