गाडीचे इंजिन का थरथरते?

मारुती ८०० ही छोटी गाडी १९८३ साली निघाली. २०१४ साली ती बनवणे बंद झाले. तरी आपल्या जालन्याकडे ती अजून रस्त्यावर दिसते. तिच्या इंजिनात तीन सिलिंडर आहेत. नव्या छोट्या गाड्यांतही पुष्कळदा तीनच असतात.

पूर्वी एका उखळात तिघीजणी पाळीपाळीने मुसळ घालीत. ताल असे तोवर कांडण सुरळीत चाले. एकीचा घाव चुकला, की ताल मोडलाच! इंजिनाचे तसेच आहे. प्रत्येक सिलिंडरात पाळीने पेट्रोलचा भडका होतो. त्या जोराने इंजिन फिरते. गाडी जागेवर उभी असली तरी ते मिनिटाला आठ-नऊशे फेरे घेते. ९०० फेऱ्यांत एका सिलिंडरात ४५० भडके होतात. तीन सिलिंडरांच्या इंजिनाला थोडी थरथर जन्माचीच असते. तिला भिऊ नये. पण ती एकाएकी वाढली, तर कारण शोधावे.

प्लग ठिणगी देईनासा झाला, की त्या सिलिंडरात भडका होत नाही. मग दोनच सिलिंडर ओढतात आणि सारी गाडी हादरते. मिस्तरी याला 'मिसिंग' म्हणतात. अशी गाडी दामटू नये. न जळलेले पेट्रोल धुराच्या नळीत जाते. नव्या गाड्यांत तिथे धूर साफ करणारा डबा असतो. तो फार तापून खराब होतो. हा डबा महाग. प्लग त्यामानाने स्वस्त.

धुळीने एअर फिल्टर गच्च झाला, तरी इंजिन नीट चालत नाही. आपल्या शेतरस्त्यांची धूळ काय सांगावी!

आता रबराचे पाहा. इंजिन रबराच्या ठोकळ्यांवर बसवलेले असते. त्यांना माउंटिंग म्हणतात. हादरे गिळणे हे त्यांचे काम. खड्ड्यांनी आणि तेल लागून ते फाटतात. मग इंजिन चांगले असूनही हादरा थेट सीटपर्यंत येतो. याची खूण अशी: इंजिनाचा आवाज एकसारखा असतो, पण गाडी सुटताना पुढून 'धक्' असा ठोका बसतो. अशा वेळी कोणी इंजिन खोलायला सांगितले, तर "आधी माउंटिंग बघा" असे म्हणावे. माझ्या मते निम्मा खर्च इथेच वाचतो.

एक परीक्षा घरीच करता येते. हँडब्रेक ओढून, गिअर काढून इंजिन चालू ठेवा. उभ्यानेच थरथर असेल, तर दोष इंजिनाकडचा. उभी असताना गाडी शांत, आणि अंबड रस्त्याला सत्तरच्या पुढे गेल्यावर स्टिअरिंग थरथरते, तर बहुधा चाकांचा तोल गेलेला असतो. तेव्हा टायरच्या दुकानी जाऊन बॅलन्सिंग करून घ्यावे.