काळ्या मातीचा काळेपणा

जालन्याहून अंबडच्या किंवा भोकरदनच्या वाटेस लागलें म्हणजे दोहों बाजूंची काळीभोर जमीन पाहून कोणालाहि वाटेल कीं, कुजल्या पाल्यापाचोळ्याचें जें सत्त्व, ज्याला ह्यूमस म्हणतात, तें हिच्या पोटांत ओतप्रोत भरलेलें असावें. मीहि वर्गांत पुष्कळ वर्षें असेंच शिकविलें. तें चूक होतें. दख्खनच्या ज्वालामुखी खडकापासून झालेल्या या मातीचा रंग मुख्यतः तिच्यांतील चिकण आणि लोहयुक्त खनिजें यांमुळें, व त्या चिकणाला घट्ट चिकटलेल्या थोड्याशा ह्यूमसमुळें येतो. परीक्षेंत सेंद्रिय कर्ब शेंकडा 0.5 हून कमी निघाला तर जमीन या बाबतींत निकस समजतात, आणि आपल्याकडील पुष्कळ काळीं शेतें याच वर्गांत मोडतात.

ह्यूमस होतें कसें? पान, मूळ वा काडी ओल्या मातींत पडली कीं बुरशा व सूक्ष्म जंतु तिच्यावर तुटून पडतात. शर्करा व पिष्ट लवकर संपतें. काष्ठद्रव्य दाद देत नाहीं. खाल्लेल्या कर्बाचा मोठा भाग जंतु श्वासावाटे हवेंत सोडतात. उरतात तीं अर्धवट कुजलेलीं द्रव्यें आणि खुद्द जंतूंचीं मृत शरीरें. तीं मातीच्या कणांना बिलगून वर्षानुवर्षें टिकतात. ह्यूमस हा एकच ठराविक रासायनिक पदार्थ, ही जुनी समजूत आतां मागें पडली आहे.

त्याचा गुण पाहावयाचा असेल तर बांधावरच्या निंबाखालचें एक ढेकूळ आणि नित्य नांगरल्या जाणाऱ्या शेतांतलें एक ढेकूळ वाळवून पाण्याच्या दोन पेल्यांत हळूच सोडावें. पहिलें बहुधा बराच वेळ धीर धरतें. दुसरें पाहतां पाहतां फुटून त्याचा गाळ होतो. वळिवाच्या पहिल्या सरीला शेतांत हेंच घडतें. गाळानें मातीचीं रंध्रें बुजतात आणि पाणी न मुरतां ओढ्याकडे धांवतें. शिवाय ह्यूमस पाणी व पिकाचें अन्न धरून ठेवतें, तें वेगळेंच.

जंतूंना नत्रहि लागतो, आणि वाळल्या पऱ्हाटींत तो फारच थोडा. एका वर्षीं मी पऱ्हाटी तोडून तशीच कोरडी गाडली व वर ज्वारी पेरली. जंतूंनीं मातींतला नत्र ओढून घेतला. ज्वारी पिवळी पडली. शेजारी म्हणाले, "गुरुजी, जाळून टाकायची होती!" घरीं कडबाहि पुरला नाहीं, मग मी काय बोलणार?

उत्तर मिळालें तें इंदूरकडचें. तेथली माती आपल्या मातीची सख्खी बहीण. तेथें आल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनीं बसविलेल्या पद्धतीचा त्यांचा ग्रंथ 1931 सालीं प्रसिद्ध झाला. कपाशीच्या व तुरीच्या काड्या ते गाडीवाटेवर पसरीत. चाकांखालीं त्यांचा भुगा होई. मग शेण, गोठ्यांतील मूत मुरलेली माती आणि राख यांच्याबरोबर थर देऊन, ओल राखून, अधूनमधून वरखालीं करीत. सुमारें तीन महिन्यांत खत तयार होई. नत्राची भूक खड्ड्यांतच भागते, पिकाच्या तोंडचा घास जात नाहीं. बोंडअळीच्या भयानें पऱ्हाटी शेतांत उभी ठेवूं नये हें खरें; पण ती उपटणें वेगळें आणि पेटविणें वेगळें.

गेल्या पौषांत मी तसा खड्डा भरला. तिसऱ्या खेपेस उलथला तेव्हां काडी बोटांत चुरगळली आणि वास पहिल्या पावसाचा आला. शेजाऱ्यांनीं मूठभर हातांत घेऊन हुंगलें, कांहीं बोलले नाहींत. त्यांची पऱ्हाटी मात्र अजून बांधावर रचलेली आहे. काडी लावलेली नाहीं.