कणकेच्या दिव्यापासून मोदकापर्यंत

श्रावण सुरू होण्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे आषाढ अमावास्येला, अनेक मराठी घरांतून समया-निरांजने घासूनपुसून पाटावर मांडली जातात आणि कणकेच्या गोड दिव्यांचा नैवेद्य दाखवला जातो. अधिक महिना आला नाही तर तेथून गणेश चतुर्थी जेमतेम पाच आठवड्यांवर असते. या पाच आठवड्यांत दिवा, नागपंचमीचे दिंड, गोकुळातला काला, पोळ्याचा बैल आणि मोदक असे पाच विषय आपल्या स्वयंपाकघरात ओळीने येतात. मुलांना रमवणारा खाऊ शोधायला दूर जाण्याचे कारण नाही. यांतील बहुतेक पदार्थांना आकार आहे, प्रत्येकामागे गोष्ट आहे आणि ती गोष्ट घरात बहुधा आजी-आजोबांनाच नीट ठाऊक असते.

दोन ते सहा वर्षांच्या वयात मुले अनोळखी पदार्थाला नकार देतात. ते स्वाभाविक आहे. एखादी नवी चव स्वीकारण्यापूर्वी ती आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही अधिक वेळा समोर यावी लागते. जबरदस्तीने भरवलेल्या घासापेक्षा स्वतः मळलेला, चेपलेला, नाव ठेवलेला पदार्थ मूल अधिक सहजपणे तोंडाजवळ नेते. दुसऱ्या बाजूला, ज्या हातांनी घर चालवले त्या वडीलधाऱ्यांना आता ‘तुम्ही बसा, आम्ही करतो’ असे प्रेमाने सांगून बाजूला केले जाते. विश्रांती मिळते, पण आपली गरज उरली नाही ही जाणीवही सोबत येते. नातवंडाने ‘आजी, याचे शिंग कसे करू?’ असे विचारणे हे त्यावरचे साधे उत्तर आहे.

स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीची शुश्रूषा करणाऱ्यांनी येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सकाळी काय खाल्ले हे न आठवणाऱ्या व्यक्तीच्या हातांत पोळी लाटण्याची, गोळी वळण्याची, पारीला मुखऱ्या पाडण्याची सवय पुष्कळदा बराच काळ टिकून राहते. ‘तुम्हांला आठवते का?’ असा प्रश्न करू नये. शेजारी बसावे, कणकेचा गोळा हातात द्यावा आणि आपण एक दिवा करून दाखवावा. हात आपोआप चालू लागले तर उत्तम. न चालले तरी मऊ, कोमट कणीक दाबण्यातही समाधान असते.

कणकेचे दिवे

सुमारे १५० ग्रॅम कणीक, दोन चमचे बारीक रवा, ८० ग्रॅम गूळ, चिमूटभर मीठ, वेलदोड्याची पूड आणि एक चमचा तूप घ्यावे. गूळ पाव वाटी कोमट पाण्यात विरघळवून गाळावा आणि त्यात, लागल्यास आणखी थोडे पाणी घालून, कणीक घट्ट भिजवावी. आठ छोटे गोळे करावेत. मुलाने अंगठ्याने मध्ये खळगा पाडावा, आजीने चिमटीने वातीची चोच काढावी. तूप लावलेल्या चाळणीत ठेवून पंधरा मिनिटे वाफवावेत आणि वर थोडे तूप घालून द्यावेत.

या हिशेबाने एका दिव्यात सुमारे दहा ग्रॅम गूळ येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार वरून घातलेली साखर दिवसभरातील ऊर्जेच्या दहा टक्क्यांपेक्षा कमी असावी. २००० कॅलरींचा आहार घेणाऱ्या प्रौढासाठी ही मर्यादा सुमारे ५० ग्रॅम होते आणि याच्या निम्मी असल्यास अधिक चांगले. लहान मुलांचा आहार कमी, म्हणून त्यांची मर्यादाही कमी. गूळ या हिशेबात धरावाच लागतो. मधुमेही आजोबांची रक्तशर्करा गुळानेही वाढते. त्यांनी अर्धा दिवा जेवणासोबत घ्यावा आणि त्या प्रमाणात पोळी किंवा भात कमी करावा.

नागपंचमीचे दिंड आणि पातोळ्या

नागपंचमीला चिरू नये, तळू नये, तवा चढवू नये, असा अनेक घरांत पाळला जाणारा रिवाज आहे. लहान मुलांसोबत काम करण्यासाठी याहून सोयीचा दिवस नाही. विळी, सुरी आणि उकळते तेल तिन्ही रजेवर असतात. कणकेची पुरी लाटून मध्ये गार झालेले पुरण ठेवावे आणि चारी बाजू पाकिटासारख्या दुमडाव्यात. घडी घालण्याचे काम चार वर्षांच्या मुलाला छान जमते. मग हे दिंड पंधरा मिनिटे वाफवावेत.

कोकणात आणि गोव्यात याच दिवसांत हळदीच्या पानावर तांदळाच्या पिठाचा लेप पसरून, त्यावर गूळ-खोबऱ्याचे सारण ठेवून पातोळ्या करतात. गोव्यातील ख्रिस्ती घरांतही १५ ऑगस्टच्या सायमाईच्या सणाला पातोळ्या होतात. पान सोलल्यावर पातोळीवर उमटलेल्या शिरा मुलांना अवश्य दाखवाव्यात. हळदीच्या पानाचा वास ही त्या दिवसाची खरी भेट आहे.

गोकुळातला काला

सवंगड्यांनी आपापली शिदोरी एकत्र केली, त्याचा काला झाला. म्हणून घरातील प्रत्येकाने एकेक वाटी आणावी: भिजवलेले पोहे, ज्वारीच्या लाह्या, दही, किसलेली काकडी, डाळिंबाचे दाणे, ओले खोबरे, कोथिंबीर. मुलाने सर्वांकडे जाऊन वाट्या गोळा कराव्यात आणि हाताने कालवावे. येथे चूल पेटवावीच लागत नाही. लोणच्यात मीठ पुष्कळ असते. प्रौढांनी दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ घ्यावे असा सल्ला आहे, तेव्हा रक्तदाब असलेल्यांच्या वाटीत लोणचे घालू नये. कवळी असणाऱ्यांसाठी लाह्या वगळून पोहे जरा अधिक भिजवावेत. लहानग्यांच्या वाटीत हरभऱ्याची भिजवलेली डाळ आणि अख्खे शेंगदाणे नसावेत.

पोळ्याचे बैल

श्रावण अमावास्येला मातीच्या बैलांची पूजा होते. विदर्भात दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला मुले लाकडी बैल सजवून मिरवतात. खाण्याचा बैल आपण रताळ्याचा करू. दोन उकडलेली रताळी कुसकरून त्यात अर्धी वाटी भाजलेले नाचणीचे पीठ, जिरेपूड, कोथिंबीर आणि किंचित मीठ घालावे. गोळा चपटा करून त्याला डोके आणि वशिंड काढावे. मोठ्यांनी तो मंद आचेवर, थोड्या तेलावर दोन्ही बाजूंनी भाजावा. कोमट झाल्यावर मुलाने मऊ शिजवलेल्या गाजराची शिंगे लावावीत, तिळाचा डोळा करावा आणि वाफवलेल्या बिटाच्या किसाची झूल पांघरावी. एरवी बीट नाकारणारे मूल झूल घालताना बोट चाटते, एवढेही पुरे. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे ३४० ते ३६० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. वाढत्या हाडांना आणि झिजणाऱ्या हाडांना, दोघांनाही ते हवे.

मोदक आणि निवगऱ्या

एक वाटी पाण्याला उकळी आणून त्यात चिमूटभर मीठ आणि चमचाभर तूप घालावे, वाटीभर तांदळाची पिठी घालून ढवळावे आणि झाकण ठेवून वाफ आणावी. गरम उकड मळणे हे मोठ्यांचे काम आहे. कोमट झाल्यावर मुलाच्या हातात लिंबाएवढा गोळा द्यावा. मोदकाच्या कळ्या पाचच आल्या तरी चालतील. संधिवाताने बोटे आखडलेल्या आजींनी निःसंकोच साचा वापरावा. उकडीची ऊब बोटांना बरी वाटते, परंतु दहा-पंधरा मिनिटांनंतर हातांना विसावा द्यावा.

उरलेल्या उकडीत जिरे, मीठ आणि बेताची वाटलेली मिरची घालून चपट्या निवगऱ्या थापाव्यात आणि वाफवाव्यात. गोड वर्ज्य असणाऱ्यांना सणाच्या ताटात हा आपला पदार्थ मिळतो. तो तांदळाचाच आहे, म्हणून दोन निवगऱ्या पुरेत.

चार सावधगिऱ्या

पाच वर्षांखालील मुलांना अख्खे दाणे, फुटाणे, सुकामेव्याचे मोठे तुकडे किंवा कडक चिक्की देऊ नये. ते श्वासनलिकेत अडकू शकतात. एक वर्षाखालील बाळाला मध मुळीच देऊ नये. कच्ची कणीक चाखू देऊ नये. ज्या ज्येष्ठांना गिळताना वारंवार ठसका लागतो, त्यांना चिकट उकड किंवा कोरडे पोहे देण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

मोदकपात्राचे झाकण मोठ्यांनीच, आपल्यापासून दूरच्या बाजूने उघडावे. वाफेचा चटका उकळत्या पाण्याहूनही तीव्र असू शकतो. चटका लागलाच तर भाग वीस मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली धरावा. बर्फ किंवा टूथपेस्ट लावू नये.

सर्वांत महत्त्वाची सूचना मधुमेही ज्येष्ठांसाठी आहे. सकाळची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन नैवेद्य होईपर्यंत उपाशी राहण्याची प्रथा धोक्याची ठरू शकते. घाम फुटणे, हात थरथरणे, बोलण्यात गोंधळ होणे ही साखर उतरल्याची लक्षणे आहेत. व्यक्ती शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर चहाचे तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी व पंधरा मिनिटांनी रक्तशर्करा पुन्हा तपासावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. सणाच्या दिवसाची औषधे आणि जेवणाची वेळ डॉक्टरांशी आधीच ठरवून घ्यावी.

हे सगळे करताना स्वयंपाकघरात पीठ सांडेल, वेळ दुप्पट लागेल आणि बैलाची शिंगे वाकडी होतील. घरातील मधल्या पिढीने ती सरळ करण्याच्या भरीस पडू नये. नातवाने वळलेला, तोंड न मिटलेला मोदक नैवेद्याच्या ताटात इतरांच्या बरोबरीने ठेवावा आणि जेवताना तो आजोबांच्या पानात वाढावा. तेवढा अर्धा मोदक त्यांच्या पथ्यात बसवता येतो.