११३ किलोमीटर, ६७ हजार ठोके

१.९ किलोमीटर पोहायचे, पाण्यातून बाहेर येऊन ९० किलोमीटर सायकल चालवायची आणि सायकल ठेवून २१.१ किलोमीटर धावायचे. बेरीज ११३ किलोमीटर. मैलांत मोजली तर ७०.३, म्हणून या शर्यतीचे नाव 'आयर्नमॅन ७०.३', बोलताना सगळे हाफ आयर्नमॅनच म्हणतात. भारतात ती पहिल्यांदा झाली २० ऑक्टोबर २०१९ रोजी, पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर. पूर्ण करायला साडेआठ तास मिळतात. तेवढ्यात पोचला तो फिनिशर.

नॉर्वेच्या क्रिस्टियन ब्लुमेनफेल्टने २०१८ साली बहरीनमध्ये हेच अंतर ३ तास २९ मिनिटे ४ सेकंदांत संपवले. पोहणे आणि कपडे-बूट बदलणे धरूनही ताशी ३२ किलोमीटरच्या वर! असा वेग पाहिला की मागून आठ तासांनी येणारा हौशी स्पर्धक कुणाच्या खिजगणतीतही राहत नाही. पण कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला, तर बहुतेक आकडे त्या मागच्या माणसाचेच मोठे निघतात. तो जास्त वेळा हात मारतो, जास्त पावले टाकतो आणि त्याचे हृदय कितीतरी जास्त वेळा धडधडते.

हिशेबासाठी एक स्पर्धक धरू. वजन ७० किलो. नोकरी, घर सांभाळून पहिल्यांदाच उतरलेला. पोहायला ५५ मिनिटे, सायकलला पावणेचार तास, धावायला २ तास ५५ मिनिटे, मधल्या दोन ट्रान्झिशनना, म्हणजे कपडे-बूट बदलून पुढच्या टप्प्याला लागायला, मिळून २० मिनिटे. एकूण आठ तासांना पाच मिनिटे कमी.

१.९ किलोमीटर म्हणजे २५ मीटरच्या तलावाच्या ७६ लांब्या. हौशी माणसाचा हात एका वेळी पाऊण मीटरच्या आसपास पुढे नेतो. म्हणजे सुमारे अडीच हजार वेळा हात मारायचा, आणि तोही हवेपेक्षा सुमारे ८०० पट घन असलेल्या पाण्यात. तलावात तळाला काळी रेघ असते, समुद्रात नसते. दर काही हातांनी डोके वर काढून बोया शोधावा लागतो. दिशा चुकून २० अंशांच्या कोनात नागमोडी पोहत राहिले, तर १,९०० मीटरचे २,०२० मीटर होतात. एवढी मेहनत फुकट जाते, वर कट-ऑफ डोक्यावर असतोच. पाण्यातून ७० मिनिटांत बाहेर यायचे, म्हणजे दर १०० मीटरला ३ मिनिटे ४१ सेकंदांपेक्षा जास्त लावायचे नाहीत.

सायकलचे चाक एका फेऱ्यात सुमारे २.१ मीटर पुढे जाते. ९० किलोमीटरला चाकाचे सुमारे ४३ हजार फेरे होतात. मिनिटाला पेडलचे ८० फेरे, म्हणजे ८० च्या कॅडन्सने, पावणेचार तास पेडल मारले, तर प्रत्येक पाय १८ हजार वेळा वर-खाली होतो. इथे पहिल्यांदा उतरणाऱ्याला सर्वांत मोठा मोह होतो वेगाचा. ताशी २४ ऐवजी ३० ने गेलो तर पाऊण तास वाचेल, असे वाटते आणि ते खरेही आहे. पण हवेचा अडथळा कापायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग सव्वापट, तर शक्ती जवळजवळ दुप्पट. पाऊण तास वाचवायला पायांकडून तीन तास दुप्पट वसुली करायची आणि पुढे अर्धमॅरेथॉन शिल्लक! म्हणून अनुभवी प्रशिक्षक सांगतात की सायकलवर 'अजून जोर आहे' असे वाटत असतानाच उतरा.

मग धावणे. अव्वल खेळाडू हे अंतर साधारण ७० मिनिटांत, सुमारे १३ हजार पावलांत संपवतो. त्याचे एकेक पाऊल दीड मीटरहून लांब पडते. आपल्या स्पर्धकाचे पाऊल पाऊण मीटरच्या जरा पुढे. त्याला २७ हजार पावले टाकावी लागतात, म्हणजे दुपटीहून जास्त. धावताना प्रत्येक पावलाला एका पायावर शरीराच्या वजनाच्या किमान दुप्पट भार येतो. १४० किलो गुणिले २७ हजार म्हणजे जवळजवळ ३,८०० टन. हा भार एकदम येत नाही, क्षणाक्षणाने येतो आणि जातो, म्हणून हाडे तो पेलतात. पण पोटऱ्या, गुडघे आणि तळवे त्यातला प्रत्येक हप्ता भरतात, आणि तेही सायकलने आधीच दमवलेले.

आता हृदयाकडे वळू. आठ तास सरासरी १४० ची गती धरली तर ६७ हजार ठोके. विजेत्याची गती १६५ धरली तरी साडेतीन तासांत त्याचे ठोके ३५ हजारांच्या आत राहतात. आपल्या स्पर्धकाचे हृदय मिनिटाला सुमारे १५ लिटर रक्त ढकलते, म्हणजे आठ तासांत ७,२०० लिटर. शरीरात रक्त असते जेमतेम ५ लिटर. तेच रक्त साधारण १,४०० वेळा फिरून येते. मिनिटाला ५० लिटर हवा आत घेतली तर आठ तासांत २४ हजार लिटर होते. दहा बाय दहाच्या एका खोलीतली जवळजवळ सगळी हवा त्याच्या छातीतून जाऊन येते.

या सगळ्याला इंधन लागते सुमारे ४,००० कॅलरी. स्नायू आणि यकृतात साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, पुरवते त्यातल्या दीड-दोन हजार. चरबीत मात्र ८० हजारांहून जास्त कॅलरी पडून असतात, पण त्या हळू सुटतात. जोर वाढवला की शरीर साखरच मागते. म्हणून सायकल आणि धावणे मिळून साडेसहा तास, तासाला ६० ग्रॅम कर्बोदके पोटात घालत राहावी लागतात. एकूण जवळजवळ ४०० ग्रॅम. एनर्जी जेलच्या एका पाकिटात साधारण २५ ग्रॅम असतात, म्हणजे सोळा जेल. सवय नसलेले पोट एवढे स्वीकारत नाही, त्यामुळे सरावात पायांइतकेच पोटालाही तयार करावे लागते.

सर्वांत थक्क करणारा आकडा उष्णतेचा आहे. स्नायू या ऊर्जेतला जेमतेम पाव भाग हालचालीसाठी वापरतात. उरलेल्या तीन हजार कॅलरींची निव्वळ उष्णता होते. ७० किलोच्या शरीराचे तापमान १ अंशाने वाढायला सुमारे ५८ कॅलरी पुरतात. उष्णता बाहेर पडलीच नाही तर दर नऊ-दहा मिनिटांनी १ अंश ताप चढेल आणि अर्ध्या तासात माणूस ४० अंशांवर जाईल! तसे होत नाही ते घामामुळे. १ लिटर घाम त्वचेवर वाळला तर ५८० कॅलरी घेऊन जातो. पण वाळला तरच. पणजीच्या दमट हवेत घाम वाळण्याआधी ठिबकतो, आणि ठिबकलेला घाम थंडावा देत नाही. पाणी जाते, मीठही जाते. लिटरमागे साधारण १ ग्रॅम सोडियम. नुसते पाणी पीत राहिले तर रक्तातले सोडियम उतरते आणि ते जिवावर बेतू शकते. उन्हाची सवय व्हायला शरीराला दहा ते चौदा दिवस लागतात. हे दिवस गाळू नयेत.

हे सगळे एका दिवसात घडते, पण त्याची तयारी कित्येक महिने चालते. आठवड्याला ९ तास, असे २४ आठवडे धरले तर २१६ तास. म्हणजे शर्यतीच्या प्रत्येक मिनिटामागे २७ मिनिटांचा सराव. आठवड्याला ४ किलोमीटर पोहणे, १०० किलोमीटर सायकल आणि २२ किलोमीटर धावणे असे धरले, तर सहा महिन्यांत तीन हजार किलोमीटर होतात. त्यात तलावाच्या ३,८४० लांब्या आल्या, पावणेसात लाखांच्या आसपास पावले आली आणि सायकलवरून उतरून लगेच धावायचे ते नकोसे वाटणारे 'ब्रिक'ही आले. हे तास कुठून येतात? पहाटेच्या झोपेतून, सुट्टीच्या सकाळींतून आणि घरच्यांनी मुकाट्याने उचललेल्या कामांतून. व्यावसायिक खेळाडूचा सराव हेच त्याचे काम असते. हौशी माणूस दिवसभराचे काम करून वर हा सराव करतो. म्हणून मला त्याच्या २१६ तासांचे मोल वेगळे वाटते.

वाटेल की एवढे ठोके खर्चून हृदय झिजत असेल. हिशेब उलटा आहे. नियमित सरावाने विश्रांतीतली गती ७० वरून ६० वर आली असे धरू. सरावाच्या ९ तासांत हृदय १४० ने चालले, तर ७० च्या हिशेबापेक्षा ३८ हजार ठोके जास्त मारते. पण आठवड्याच्या उरलेल्या १५९ तासांत ते मिनिटाला दहा ठोके वाचवते. ते होतात ९५ हजार! म्हणजे आठवड्याला ५७ हजार ठोके शिल्लक. साधारण सव्वा आठवड्यात शर्यतीच्या सगळ्या ६७ हजार ठोक्यांची भरपाई होते. अर्थात, चाळिशीच्या पुढे गेलेल्याने किंवा घरात हृदयविकार असलेल्याने आधी डॉक्टरांकडे जाऊनच सुरुवात करावी.

१८ फेब्रुवारी १९७८ रोजी हवाईच्या ओआहू बेटावर पहिली आयर्नमॅन झाली, तेव्हा १५ जण उतरले आणि १२ जणांनी ती पूर्ण केली. ते अंतर याच्या दुप्पट होते. आज त्याला १७ तासांपर्यंत वेळ मिळतो. अभिनेते मिलिंद सोमण यांनी २०१५ मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, झुरिकला ते १५ तास १९ मिनिटांत पूर्ण केले. हा खेळ मुळातच पोचणाऱ्यांचा आहे. म्हणून शर्यत बघायला गेलात तर विजेता आला की घरी निघू नका. आठव्या तासानंतर जे येतात, त्यांनी त्या दिवशी सर्वांत जास्त पावले टाकलेली असतात आणि सर्वांत जास्त वेळ ऊन सोसलेले असते. टाळ्यांवर त्यांचाही तेवढाच हक्क आहे. आकडे तर म्हणतात, थोडा जास्तच.