कूलरच्या हवेतली कातडी

यवतमाळहून नागपूरकडे जाताना लागणारं कळंब ओळखलं जातं ते चिंतामणी गणपतीसाठी. मंदिर जमिनीच्या पातळीखाली. पायऱ्या उतरून जावं लागतं, जवळच कुंड. गौतम ऋषींच्या शापाने इंद्राच्या अंगभर क्षतं उठली आणि या कुंडात स्नान केल्यावर त्याची काया पूर्ववत झाली, अशी इथली कथा. इंद्राचं ठीक आहे. आपला अनुभव नेमका उलटा. डिसेंबरात कढत पाण्याने आंघोळ करून अंग पुसलं, की थोड्याच वेळात नडग्यांवर पांढऱ्या रेघा उमटतात आणि ओठ उलतात.

याचं कारण त्वचेच्या सर्वांत वरच्या थरात, स्ट्रॅटम कॉर्नियममध्ये आहे. तळहात-तळपाय सोडले तर हा थर जेमतेम 10 ते 20 मायक्रॉन जाडीचा, म्हणजे वहीच्या कागदाहूनही पातळ. मेलेल्या चपट्या पेशी आणि त्यांच्यामध्ये सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल, मेदाम्लं यांची चरबी. पेशींच्या आत अमिनो आम्लं, लॅक्टेट, युरिया असे पाणी धरून ठेवणारे बारीक रेणू. कढत पाणी आणि साबण चरबीही काढून नेतात आणि हे रेणूही. मग आंघोळीत शोषलेलं पाणी टिकणार कशावर?

तेल लावलं की त्वचा मऊ होते, हे आपण लहानपणापासून ऐकतो. आयर्विन ब्लँक या अमेरिकी संशोधकाने 1952 साली ते तपासलं. तळपायाच्या घट्ट्याचे वाळलेले तुकडे त्याने तेलकट पदार्थांत ठेवून पाहिले. ते कडकच्या कडक राहिले. पाणी मिळालं तेव्हा मात्र लवचीक झाले. त्वचेला मऊपणा देतं ते पाणी; तेलाचं काम ते पाणी उडू न देण्याचं. मॉइश्चरायझरचं सगळं शास्त्र या एका निरीक्षणाभोवती फिरतं. कोरड्या अंगाला तेल चोळण्यापेक्षा ओलसर अंगालाच ते लावावं, हेही त्यातूनच येतं.

आता कळंबची हवा. एप्रिल-मे महिन्यांत पारा 43-44 अंशांवर जातो आणि दुपारची आर्द्रता कित्येकदा 20-25 टक्क्यांपर्यंत उतरते. म्हणूनच इकडे वाळ्याचा कूलर चालतो आणि मुंबईत चालत नाही. कोरडी हवा ताट्यांतलं पाणी झपाट्याने ओढून घेते आणि त्या बाष्पीभवनात खोली गार होते. हीच हवा तुमच्या गालाचंही पाणी ओढत असते. घाम सोडला तरी एरवीसुद्धा त्वचेतून दिवसाकाठी साधारण 300 ते 400 मिलिलीटर पाणी नकळत उडून जातं. त्यामुळे ‘माझी त्वचा कोणत्या प्रकारची’ या प्रश्नाआधी ‘मी कोणत्या हवेत राहतो’ हा प्रश्न विचारायला हवा. जाहिराती तो विचारत नाहीत, कारण एकच बाटली कुलाब्यातही विकायची असते आणि कळंबातही.

सध्या चलती आहे ती हायल्युरॉनिक आम्लाची. कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी 1934 साली गाईच्या डोळ्यातल्या द्रवातून ते वेगळं केलं. स्वतःच्या वजनाच्या हजारपट पाणी धरतं, असं त्याच्याबद्दल सांगतात. प्रयोगशाळेत याच्या लांबलचक साखळ्या खूप पाण्यात पसरतात आणि ते घट्टसर होतं, हे खरं. पण त्यातलं बहुतेक पाणी साखळ्यांच्या मधल्या जागेत नुसतं अडकलेलं असतं आणि कोरड्या हवेत साध्या पाण्यासारखंच उडून जातं. दमट हवेत त्याचं सीरम छान वागतं. मे महिन्यात पंख्याखाली नुसतंच लावलं, तर थोड्या वेळाने चेहरा ताणल्यासारखा वाटतो.

शिवाय ते आत जात नाही. साधारण 500 डाल्टनपेक्षा (डाल्टन म्हणजे रेणूच्या वजनाचं एकक) मोठा रेणू धड त्वचेतून सहसा पार होत नाही आणि हायल्युरॉनिक आम्लाच्या साखळ्या लाखो डाल्टनच्या असू शकतात. याच नियमाची दुसरी बाजू या जिल्ह्याने फार वाईट तऱ्हेने पाहिली आहे. 2017 च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना यवतमाळ जिल्ह्यात विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. प्रोफेनोफॉससारखं कीटकनाशक 374 डाल्टनचं आणि चरबीत विरघळणारं. श्वासाप्रमाणेच कातडीतूनही त्याला वाट मिळते. हात फुटलेले असतील तर आणखीच. क्रीमचा कितीही जाड थर हातमोज्यांची जागा घेत नाही.

हायल्युरॉनिकच्या मानाने ग्लिसरिन म्हणजे घरातलं दुर्लक्षित माणूस. कार्ल शेले या रसायनशास्त्रज्ञाने 1779 मध्ये ते ऑलिव्ह तेलापासून मिळवलं. रेणू अवघा 92 डाल्टनचा, म्हणून वरच्या थरात सहज मुरतो. त्वचेच्या जिवंत पेशींमध्ये तर त्याच्यासाठी वेगळं दारच आहे: अ‍ॅक्वापोरिन-3 हे प्रथिन. ते नसलेल्या उंदरांची त्वचा कोरडी पडते आणि ग्लिसरिन दिलं की सुधारते, असं 2003 च्या सुमारास दिसून आलं. त्याच वर्षी अ‍ॅक्वापोरिनच्या शोधासाठी पीटर आग्रे यांना नोबेल मिळालं. कोरड्या हवेत पेशींमधल्या चरबीला कडक होऊ न देण्याचं कामही ग्लिसरिन करतं. विदर्भासाठी एकच घटक निवडायला सांगितला तर मी डोळे झाकून हाच निवडेन. मात्र निव्वळ ग्लिसरिन चोपडू नये, पाणी किंवा गुलाबपाणी मिसळावं. त्यात लिंबू पिळायची जुनी रीत सोडलेली बरी. लिंबाचा रस अंगावर असताना ऊन लागलं तर डाग आणि फोड येऊ शकतात.

पाणी धरणारं लावलं, आता वरून झाकण. पेट्रोलियम जेलीचं पेटंट रॉबर्ट चेसब्रोने 1872 साली घेतलं आणि पाणी अडवण्यात तिला मागे टाकणारं स्वस्त काही अजून नाही. चेहऱ्याला ती चिकट वाटते. टाचांना, ओठांना उत्तम. तेलांत मला करडई आवडते. तिच्या पारंपरिक वाणांच्या तेलात साधारण 70 टक्के लिनोलेइक आम्ल असतं आणि त्वचा आपली महत्त्वाची सिरॅमाइडं बांधताना हेच आम्ल वापरते. जवस खाण्यासाठी गुणाचं, पण त्याचं तेल हवेशी लगेच संयोग पावतं (ऑइल पेंटमध्ये ते म्हणूनच चालतं), तेव्हा अंगाला नको. खोबरेल हातापायांना चांगलं, पण मुरमं येणाऱ्या चेहऱ्याला नाही.

युरियाची तर गंमतच आहे. फ्रीडरिश व्होलरने 1828 मध्ये प्रयोगशाळेत बनवलेला हा पदार्थ त्वचेत मुळातच असतो. 10 टक्क्यांच्या क्रीममध्ये तो पाणी धरतो. 20 ते 40 टक्क्यांवर गेला की घट्ट झालेली कातडी सैल करतो. कपाशी वेचताना बोंडाच्या टोकांनी सोललेली बोटं आणि भेगाळलेल्या टाचा यांतला फरक इथे कळतो: टाचांना युरिया, बोटांना नाही, कारण उघड्या जखमेवर तो झोंबतो. आणि घरात 45 किलोची गोणी आहे म्हणून त्यातला चमचाभर तेलात कालवायचा नाही. खताच्या युरियात बाययुरेट नावाची अशुद्धी असते, वर निमतेलाचा लेप असतो.

राहिले त्वचेचे प्रकार. तेलकट चेहऱ्यालाही पाण्याची वाण पडते, कारण तेल ग्रंथींमधून येतं आणि त्याचा पाण्याशी हिशेब वेगळा. अशांना 2 ते 5 टक्के नायसिनामाइड असलेलं पातळ जेल मानवतं. ते त्वचेला सिरॅमाइड बनवायला प्रवृत्त करतं आणि तेलही थोडं आवरतं. सतत खाज, लहानपणापासूनचा इसब असेल तर सिरॅमाइडयुक्त, बिनवासाचं क्रीम घ्यावं. अशा त्वचेत सिरॅमाइड मुळातच कमी असतं. सुवास हा संवेदनशील त्वचेचा सर्वांत ओळखीचा शत्रू, मग तो गुलाबाचा का असेना.

मेडिकलच्या काउंटरवर उभं राहून बाटली उलटी करा. घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असतात. 1 टक्क्याखालचे मात्र शेवटी कोणत्याही क्रमाने लिहायची मुभा असते. पाण्यानंतर लगेच ग्लिसरिन दिसलं, त्यामागे एखादं तेल, पेट्रोलॅटम (म्हणजेच पेट्रोलियम जेली) किंवा डायमेथिकोनसारखं सिलिकॉन, तर बाटली कोरड्या हवेच्या कामाची. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत मिरवणारं सोडियम हायल्युरोनेट बहुतेक वेळा यादीच्या तळाशी, सुवासाच्या आसपास सापडेल.