दमट हवेच्या व पुराच्या गावांतील घरे आणि वातानुकूलन यंत्रांची स्वच्छता

धान्याच्या धंद्यात ज्याने चार पावसाळे काढले आहेत, त्याला ओल म्हणजे काय हे निराळे सांगावे लागत नाही. पोत्यात हात घालताच माल कोरडा आहे की त्याला हवा लागली आहे, हे आपल्याला कळते. थप्पीखाली लाकडी फळ्या टाकणे, भिंतीपासून हातभर जागा मोकळी सोडणे, श्रावणात गुदामाची दारे केव्हा उघडावीत व केव्हा बंद ठेवावीत, हे सारे आपण वडीलधाऱ्यांपासून शिकलो. परंतु ज्या ओलीला आपण दुकानात इतके जपतो, तीच ओल घरातील निजण्याच्या खोलीत, डोक्यावर सात फुटांवर बसलेल्या एका पांढऱ्या पेटीत साचत असते, याचा विचार आपल्यापैकी फार थोड्यांनी केला असेल. मीही केला नव्हता. त्याची किंमत माझ्या घरास मोजावी लागली, म्हणून हा लेख लिहिण्याचे धाडस करीत आहे. मी यंत्रशास्त्राचा पदवीधर नव्हे. जे विचारून, वाचून व डोळ्यांनी पाहून समजले, तेवढेच येथे मांडतो.

प्रथम हे यंत्र काय करते ते पाहू. हवा थंड करणारे यंत्र अशी त्याची ख्याती असली, तरी त्याचा जन्म झाला तो हवेतील ओल आवरण्यासाठी. इ. स. १९०२ मध्ये अमेरिकेतील ब्रुकलिन येथील एका छापखान्यात उन्हाळ्याच्या दमट हवेने कागद फुगे व आकसे, त्यामुळे एकावर एक छापलेले रंग जुळत नसत. त्यावर उपाय म्हणून विलिस कॅरिअर या तरुण इंजिनियरने हवेतील बाष्प काबूत ठेवणारी योजना आखली. आजच्या वातानुकूलनाचा उगम बहुधा तेथेच मानला जातो. आपण यंत्राची शक्ती ‘टना’त सांगतो, तो टनही वजनाचा नव्हे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेईल, तेवढी उष्णता खोलीतून ओढून घेण्याची ती शक्ती होय.

खोलीतील उष्ण व दमट हवा यंत्राच्या आतील पंख्याने ओढली जाते, जाळीतून गाळली जाते आणि थंडगार नळ्या व पातळ पत्रे यांच्या वेटोळ्यावरून जाते. या वेटोळ्यास कारागीर ‘कॉइल’ म्हणतात. उन्हाळ्यात थंड पाण्याच्या तांब्याबाहेर जसे दव जमते, तसेच दव या कॉइलवर जमते. ते थेंब खालच्या पन्हळीत पडतात व नळीवाटे बाहेर जातात. पावसाळ्याच्या दिवसांत एका रात्रीत अशा रीतीने कित्येक लिटर पाणी निघते. म्हणजेच यंत्राचा आतील भाग काम करीत असताना सदैव ओला असतो, आणि तेथे अंधारही असतो. जाळीतून निसटलेली धूळ, कपड्यांचे तंतू, स्वयंपाकघरातील तेलकट वाफ व उदबत्तीची काजळी त्या ओल्या पत्र्यांवर व पंख्याच्या पात्यांवर चिकटते. ओल, अंधार आणि अन्न ही तिन्ही जेथे एकत्र आली, तेथे बुरशी आलीच. हे धान्याच्या व्यापाऱ्यास मी काय सांगावे? गव्हातील ओल शेकडा चौदाच्या वर गेली किंवा गुदामातील हवेची आर्द्रता दीर्घकाळ शेकडा सत्तरच्या वर राहिली की माल तापू लागतो व कुबट वास सुटतो. घरातील हवेसाठी तज्ज्ञ शेकडा साठची मर्यादा सांगतात.

आता पुराची गोष्ट. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, वारणा व पंचगंगा या नद्यांनी जे रूप धारण केले, ते सांगली, कोल्हापूर व बेळगाव या तिन्ही जिल्ह्यांतील लोक विसरणार नाहीत. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट असताना पाणी ५७ फुटांवर गेले. पुढे जुलै २०२१ मध्ये पुन्हा तोच प्रसंग आला. आपल्या ज्ञातिबांधवांच्या इतर गावांनीही हे दिवस पाहिले आहेत. वडोदऱ्यास विश्वामित्रीच्या पाण्याने २०१९ व २०२४ मध्ये, तर हैदराबादेस ऑक्टोबर २०२० मध्ये घरेदारे बुडाली.

कृष्णाकाठच्या आमच्या गावी २०१९ साली तळमजल्यावर चार फूट पाणी पाच दिवस होते. ते ओसरल्यावर चिखल काढला, भिंती धुतल्या. अंगणात जमिनीवर ठेवलेले यंत्राचे बाहेरचे अंग बुडाले होते. एका कारागिराने त्यातील विजेचे भाग बदलून ते चालू करून दिले. आतील पेटी भिंतीवर उंच असल्याने तिला पाणी शिवलेच नव्हते, म्हणून ती उघडण्याची गरज त्यालाही वाटली नाही व मलाही नाही. उलट, भिंतींची ओल लवकर सुकावी म्हणून आम्ही ते यंत्र दिवसरात्र चालविले. ही माझी मोठी चूक झाली. वीज नव्हती त्या पंधरवड्यात बंद घरातील कोंदट हवेने पेटीतील धुळीवर बुरशी धरली होती. यंत्र सुरू होताच तिचे सूक्ष्म कण घरभर पसरू लागले.

दिवाळीच्या सुमारास सौभाग्यवतीस खोकला लागला तो जाईना. रात्री दम लागे. औषधे झाली, पथ्ये झाली. अखेर एका डॉक्टरांनी एक साधा प्रश्न विचारला: “काकू, माहेरी गेल्यावर खोकला कमी होतो का?” ती म्हणाली, “होतो. चौथ्या दिवशी झोप लागते. परत आले की पुन्हा सुरू.” त्यांनी मला घरातील ओल व यंत्र पाहावयास सांगितले. दुसऱ्या, जाणत्या कारागिराने पेटी पूर्ण उघडून आतील गोल पंखा बाहेर काढला. त्याच्या प्रत्येक पात्यावर काळा थर होता आणि पन्हळीत बुळबुळीत पाणी साचले होते. ज्या मनुष्याने आयुष्यात भिजलेल्या ज्वारीचे एक पोते गुदामात शिरू दिले नाही, त्याच्या पत्नीच्या उशाशी हे तीन महिने फिरत होते. यंत्र स्वच्छ झाले, भिंतीचा फुगलेला गिलावा काढून नवा केला, औषधही चालू राहिले, तेव्हा तिला आराम पडला. तरी आजही आषाढ लागला की तिला जपावे लागते.

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती आपल्या धंद्याशी निगडित आहे. कुजट वैरण व बुरसटलेले धान्य हाताळणाऱ्या शेतकऱ्यांना फुप्फुसाचा एक विकार जडतो. त्यास इंग्रजीत ‘फार्मर्स लंग’ असेच नाव आहे. अस्वच्छ वातानुकूलन यंत्राच्या हवेने होणारा एक विकार त्याच जातीचा आहे. बुरशीच्या कणांनी दमा बळावतो, हे तर सर्वश्रुत आहे.

यावरून पूर ओसरल्यावर काय करावे, याचे काही नियम निघतात. पहिला नियम असा की, पाणी लागलेले कोणतेही यंत्र ‘चालते का पाहू’ म्हणून सुरू करू नये. मुख्य कळ बंद ठेवून जाणत्या कारागिराकडून तारा, मोटार, कपॅसिटर व नियंत्रणाची पाटी तपासून घ्यावी. कपॅसिटरमध्ये वीज बंद केल्यावरही भार उरतो, म्हणून घरच्या मुलांनी त्यास हात लावू नये. दुसरा नियम असा की, पुराचे पाणी हे गटाराचे पाणी असते. त्यात भिजलेला कापूस, फोम, नळ्यांवरील वेष्टण किंवा मोठ्या इमारतींतील हवेच्या बोगद्यांचे अस्तर धुऊन वापरू नये, टाकून द्यावे. केवळ पत्र्याचे भाग धुऊन वाळवता येतात. तिसरा नियम असा की, भिजलेली वस्तू एक ते दोन दिवसांत वाळली नाही तर बुरशी धरणार, हे गृहीत धरावे. आणि चौथा नियम हा की, आतील पेटी बुडाली नसली तरीही ती उघडून पाहिल्यावाचून सुरू करू नये. हा मी स्वतः मोडलेला नियम आहे.

कारागिराचे काम चांगले की वरवरचे, हे गिऱ्हाइकास ओळखता आले पाहिजे. समोरचे झाकण उघडून जाळी झटकली व फवारा मारला, ही स्वच्छता नव्हे. खऱ्या स्वच्छतेत कारागीर प्रथम वीज तोडतो व विजेची पाटी झाकतो. नंतर जाळी, झाकणे, पन्हळ व गोल पंखा सुटा करतो. भिंतीला पिशवी लावून कॉइल सौम्य द्रावणाने व बेताच्या दाबाच्या पाण्याने धुतो. दाब फार झाला तर पातळ पत्रे वाकतात आणि हवा अडते. कडक आम्ल किंवा कपडे पांढरे करण्याचे ब्लीच अॅल्युमिनियमच्या पत्र्यास खाते, म्हणून ते कॉइलवर वापरू देऊ नये. ब्लीच व अमोनियाचे द्रावण तर कधीही एकत्र करू नये, कारण त्यातून विषारी वायू निघतो. शेवटी पाणी जाण्याची नळी साफ करून तिचा उतार पाहावा व यंत्र केवळ पंख्यावर चालवून आतून वाळवावे. सुगंधी फवारा मारून वास झाकणे म्हणजे कुबट तांदळावर अत्तर शिंपडण्यासारखे आहे.

येथे व्यापारी या नात्याने एक सावधगिरीची सूचना करतो. ‘गॅस संपला, दरवर्षी भरावा लागतो’ असे कोणी म्हणाल्यास विश्वास ठेवू नये. यंत्रातील वायू बंद नळ्यांत फिरत राहतो, तो जळून संपत नाही. कमी झाला असेल तर कोठेतरी गळती आहे. ती आधी शोधून बुजवावी, मग वायू भरावा. नव्या यंत्रांतील आर-३२ हा वायू काही प्रमाणात ज्वलनशील आहे व आर-२९० तर अधिकच आहे, म्हणून हे काम अनभिज्ञ मनुष्याच्या हाती देऊ नये. केलेल्या कामाची नोंद व पावती घ्यावी.

घरच्या मंडळींनी करावयाचे काम थोडे आहे. जाळी दर पंधरा दिवसांनी धुऊन सावलीत वाळवावी. कारागिराकडून पूर्ण स्वच्छता उन्हाळ्यापूर्वी एकदा व दमट गावी पावसाळ्यानंतर पुन्हा एकदा करून घ्यावी. यंत्र बंद करण्यापूर्वी थोडा वेळ केवळ पंखा चालवावा, म्हणजे कॉइल सुकते. आर्द्रता दाखविणारे लहानसे मापक भिंतीस लावावे. तपमान २४ अंशांवर ठेवावे. सन २०२० पासून विकल्या जाणाऱ्या यंत्रांत सरकारी नियमानुसार तोच आकडा मुळात ठरविलेला असतो, आणि त्यात प्रकृतीचे व विजेच्या बिलाचेही हित आहे.

ग्वाल्हेर, इंदूरकडील आप्तांच्या घरी वाळ्याचे किंवा लाकडी भुशाचे कूलर असतात. त्यांची टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून, घासून, वाळवावी. डेंग्यूचा डास टाकीच्या कडेस अंडी घालतो, ती नुसते पाणी बदलल्याने जात नाहीत. गिझर पुरात भिजला असल्यास त्यातील अस्तर, थर्मोस्टॅट व अर्थिंग तपासल्याशिवाय स्नानास वापरू नये. साठवणीचे गरम पाणी ६० अंशांपर्यंत तापू द्यावे व स्नानाच्या वेळी त्यात थंड मिसळावे. कोमट साठ्यात लिजनेला नावाचा जंतू वाढतो. १९७६ साली फिलाडेल्फिया येथील एका हॉटेलात माजी सैनिकांच्या मेळाव्यास आलेल्यांत न्यूमोनियाची साथ पसरली, तिच्या शोधातून १९७७ मध्ये हा जंतू प्रथम ओळखला गेला.

आपल्या धर्माचरणाशी या विषयाचा संबंध नाही, असे कोणी समजू नये. आपल्या घरांत दळलेल्या पिठाची मर्यादा थंडीत सात, उन्हाळ्यात पाच व पावसाळ्यात तीन दिवस मानतात. हवेतील ओल वाढली की जीवोत्पत्ती लवकर होते, हे आपल्या पूर्वजांनी यंत्राशिवाय जाणले होते. जीव उत्पन्न झाल्यावर औषध मारून त्यांचा नाश करण्यापेक्षा ते उत्पन्नच होऊ न देणे, हाच यत्नाचार. जो नियम पिठाच्या डब्यास, तोच या पेटीस. चातुर्मासापूर्वी घर झाडून घेताना यंत्रही उघडून स्वच्छ केले, तर आरोग्य व अहिंसा दोन्ही साधतात.

शेवटी एक विनंती. ज्यांची घरे नदीकाठी आहेत त्यांनी गेल्या पुराची रेषा भिंतीवर कायम खूण करून ठेवावी, आणि यंत्राचे बाहेरचे अंग व विजेची पेटी त्या रेषेच्या वर बसवून घ्यावी. आमच्या घरी ती खूण आहे. तिच्या वर हातभर अंतरावर आता यंत्राचे बाहेरचे अंग आहे, आणि शेजारी खिळ्यास एक वही टांगली आहे. तीत स्वच्छतेची तारीख सौभाग्यवती स्वतः लिहिते. दुकानाच्या खातेवहीइतकीच ती वही मी आता जपतो.